कारण शोधायचे पैसे कोण देतं?

लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे फॉरमॅट. गिऱ्हाईक म्हणतं, "प्रोग्राम उघडला की आपोआप बंद पडतो," आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." दोघंही खूश. दर ठरलेला, वेळ ठरलेली, आणि नवं विंडोज टाकल्यावर चार दिवस तरी यंत्र पळतं. नाशकात वीसेक वर्षं मी याच धंद्यात आहे. फॉरमॅटवर माझंही घर चाललंय, त्यामुळे त्याला फार नावं ठेवणं मला शोभणार नाही.

पण फॉरमॅटने बिघाडाबरोबर बिघाडाचं कारणही पुसलं जातं. रॅम खराब असेल तर नव्या विंडोजलाही ती खराबच मिळते. गिऱ्हाईक नेहमी वापरतं त्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये खोट असेल, तर ते पुन्हा टाकलं की आजार परत. मग माणूस दुसऱ्या दुकानात जातो, तिथेही फॉरमॅट. माझ्याकडे येणाऱ्या क्रॅशच्या तक्रारींत अशी दोन-तीन दुकानं फिरून आलेले लॅपटॉप बरेच असतात. त्यांचे मालक चिडलेले असतात, आणि जुना डेटा वाचलाय की नाही याची खात्री त्यांना स्वतःलाही नसते.

मी शिकलो तो काळ २००३ च्या सिंहस्थाच्या आगेमागेचा. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात मदतनीस म्हणून लागलो होतो. समोर सगळे जुळवलेले डेस्कटॉप आणि त्यांत विंडोज एक्सपी. तेव्हाही प्रोग्राम पडला की डॉक्टर वॉटसन नावाचं विंडोजचंच एक साधन त्याची नोंद लिहून ठेवायचं, पण ती फाइल उघडून पाहणारा माणूस मला त्या दुकानात भेटला नाही. गरजच नव्हती. थोड्याच वर्षांत लोडशेडिंगचा जोर असा वाढला की फाइल लिहिता लिहिता वीज जायची, अर्धवट लिहिलेली फाइल बिघडायची, आणि "का बिघडलं?" या प्रश्नाला "लाइट गेली" एवढं उत्तर सगळ्यांना पुरायचं. लॅपटॉप आले, त्यात बॅटरी आली, आणि ही सबब संपली.

कारण शोधायची शिस्त मला संगणकवाल्याने शिकवली नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात हयात घालवलेले एक काका निवृत्तीनंतर लॅपटॉप घेऊन आले. सोबत घडी घातलेला फुलस्केप कागद. त्यावर रकाने आखलेले: तारीख, वेळ, कोणता प्रोग्राम बंद पडला, त्या वेळी आणखी काय चालू होतं, चार्जर लावलेला होता की नव्हता. मी सवयीने म्हणालो, "काका, फॉरमॅट मारून देऊ का?" त्यांनी चष्मा काढला. "अरे, मशीन थांबलं की आधी ब्रेकडाउन रजिस्टर भरायचं. शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर काय बदललं, हे कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास आणि मशीन चालू झालं, तर कशाने चालू झालं हे तुला जन्मात कळणार नाही." त्यांच्या कागदावरूनच निघालं की त्यांचा ब्राउझर बॅटरीवर कधीच पडत नाही, चार्जर लावला तरच पडतो. ग्राफिक्स ड्रायव्हर विजेवर आला की वेगळ्या रीतीने चालत होता. ड्रायव्हर बदलला, काम झालं. त्यानंतर मी दोनशेपानी वही आणली आणि तसेच रकाने आखले.

खरं तर विंडोज हे रजिस्टर स्वतःच भरत असतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडून अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदींत १००० क्रमांकाची नोंद शोधायची. पडलेला प्रोग्राम कोणता, पडला त्या क्षणी कोणत्या मॉड्यूलमधला कोड चालू होता, आणि प्रकार कोणता त्याचा एक कोड, एवढं तिथे लिहिलेलं असतं. सगळ्यात जास्त दिसणारा कोड म्हणजे सी००००००५. प्रोग्रामने आपल्या वाट्याची नसलेली मेमरी वाचायचा किंवा तिथे लिहायचा प्रयत्न केला, असा त्याचा अर्थ. भाडेकरूने शेजारच्या खोलीचं कुलूप खटखटवावं आणि मालकाने त्याला उभ्याउभ्या बाहेर काढावं, तसं विंडोज त्या प्रोग्रामला बंद करतं.

१९ जुलै २०२४ ला जगभरातली विमानतळं, रुग्णालयं, बँका अडकून पडल्या, त्याच्या मुळाशी याच जातीची चूक होती. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एका नव्या फाइलमुळे २१ वं मूल्य वाचायचं होतं, आणि त्याच्यापुढे ठेवलेली होती २०. ते पुढच्या, आपल्या नसलेल्या जागेत वाचायला गेलं. साधा प्रोग्राम असता तर तो एकटा पडला असता. पण हे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात चालतं, आणि गाभ्यात असं काही झालं की अख्खं यंत्रच निळा पडदा दाखवून थांबतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं त्या दिवशी अशी थांबली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. माझा फोनही दिवसभर वाजत होता. महिनोन्‌महिने निळा पडदा दाखवणाऱ्या लॅपटॉपचे मालक त्या दिवशी अमेरिकेला जबाबदार धरत होते. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या विकत घेतात, तुमच्या घरच्या यंत्रात ते नाहीच, हे पटवताना माझा घसा बसला.

नोंद वाचता आली म्हणजे कारण कळलं, असं मात्र नाही. मॉड्यूलच्या रकान्यात वारंवार एनटीडीएलएल हे नाव येतं. ती विंडोजची स्वतःची फाइल, मेमरीची वाटणी सांभाळणारी. दुसऱ्याच कुणी मेमरीची नासधूस करून ठेवलेली असते, आणि ती उघडकीला येते या फाइलच्या हातात, म्हणून नाव तिचं लागतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. काही हुशार पोरं हे नाव वाचून इंटरनेटवरून तीच फाइल उतरवतात आणि जुनीच्या जागी टाकायला जातात. अशी यंत्रं आली की मला आधी त्यांचा इलाज निस्तरावा लागतो, मूळ आजार नंतर.

म्हणून एक नोंद वाचून मी काही ठरवत नाही. दहा-पंधरा नोंदी वहीत एकाखाली एक लिहितो आणि आडवं न वाचता उभं वाचतो. प्रोग्राम एकच आणि मॉड्यूलही एकच असेल, तर खोट त्या प्रोग्रामात किंवा त्याच्या एखाद्या फाइलमध्ये. प्रोग्राम वेगवेगळे आणि मॉड्यूल एकच, तर कुणीतरी घुसखोर सगळ्यांच्या घरात शिरतोय. कशाचा कशाला मेळ नाही, आज हा कोड, उद्या तो, तर मी सॉफ्टवेअरचा नाद सोडतो आणि स्क्रू ड्रायव्हर उचलतो.

घुसखोराचा सगळ्यात लक्षात राहिलेला किस्सा पंचवटीतल्या एका डीटीपीवाल्यांचा. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेची निवेदनं, असं त्यांचं काम. तुळशीचं लग्न लागलं की त्यांना जेवायला वेळ नसतो, आणि नेमका त्याच दिवसांत त्यांचा नवा लॅपटॉप पिसाटला. पानं लावायचं सॉफ्टवेअर पडायचं, ब्राउझर पडायचा, एकदा तर कॅल्क्युलेटर पडला. लक्षण पाहून कुणीही रॅम म्हणालं असतं, आणि आधीच्या दुकानदाराने रॅम बदललीही होती. वहीत उभं वाचलं तर प्रत्येक ओळीत मॉड्यूलच्या जागी एकच अनोळखी डीएलएल फाइल. त्यांच्या जुन्या मराठी फॉन्टच्या पॅकेजची. कीबोर्डवरची प्रत्येक कळ आधी आपल्या हाती यावी म्हणून ते पॅकेज प्रत्येक चालू प्रोग्रामच्या पोटात स्वतःचा एक तुकडा सोडायचं. एक्सपीच्या काळात लिहिलेला तो तुकडा विंडोज १० च्या पोटात मानवत नव्हता.

निदान सोपं निघालं, औषध अवघड. मी सुचवलं, युनिकोडवर या. ते म्हणाले, "भाऊ, वीस वर्षांच्या पत्रिका त्याच फॉन्टात आहेत. थोरल्याच्या लग्नात छापलेला मजकूर धाकट्याच्या लग्नात नावं बदलून लावतो मी. युनिकोडमध्ये उघडलं तर सगळं अगडबगड दिसतं." खरंच होतं ते. त्या जुन्या फॉन्टांत 'क'च्या जागी प्रत्यक्षात रोमन लिपीतलं एखादं अक्षर साठवलेलं असतं, फॉन्ट त्याला 'क'चं रूप देतो. फॉन्ट काढला की मागे कचरा उरतो. शेवटी त्यांचा अडगळीतला विंडोज ७ चा लॅपटॉप काढला, त्यावर फक्त फॉन्टचं पॅकेज आणि जुन्या फाइली ठेवल्या, इंटरनेट बंद केलं. नवा लॅपटॉप ईमेल आणि बिलांना. तांत्रिकदृष्ट्या हा काही झकास तोडगा नव्हे. पण त्या हंगामात एकही पत्रिका अडली नाही, आणि मला वाटतं गिऱ्हाइकाच्या कामाच्या दिवसांत यापेक्षा शहाणपणाचं काही करणं शक्यही नव्हतं.

रॅमची गोष्ट उलट्या बाजूची. इंदिरानगरमधल्या एका कर सल्लागारांचा लॅपटॉप सकाळी निर्धोक चालायचा आणि दुपारी तीननंतर हिशेबाचं सॉफ्टवेअर, एक्सेल, पीडीएफ, जे उघडलेलं असेल ते पडायचं. नोंदींत कशाचा कशाला मेळ नव्हता. दुकानात रात्रभर रॅमची चाचणी लावून ठेवली, सकाळी निकाल स्वच्छ. एप्रिल महिना होता. त्यांच्या ऑफिसात गेलो तर पश्चिमेची खिडकी, वर पत्रा, टेबलावर फायलींच्या ढिगात लॅपटॉप असा रुतलेला की पंख्याची जाळी कागदांनी बंद. मग तीच चाचणी त्याच टेबलावर, त्याच फायलींत, भर दुपारी लावली. थोड्या वेळात पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढली, तपासली, ती परत लावून दुसरी काढली. गरम झाल्यावर दगा देणारी पट्टी सापडली. नाशिकची हवा थंड, हे ऐकत मी मोठा झालो. एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा ते वाक्य लॅपटॉपना लागू पडत नाही. बिघाड जिथे होतो तिथेच, त्याच वेळी त्याला गाठायचं, हे मला त्या पत्र्याखाली पटलं.

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा लॅपटॉप मला अजून आठवतो. निर्यातीचा माल, जानेवारी-फेब्रुवारीतली धावपळ, ग्रेपनेट या पोर्टलवरची प्लॉटची नोंदणी, औषधांच्या अंशांचे तपासणी अहवाल, पॅकहाउसचे ईमेल, सगळं त्या एका यंत्रावर. प्रोग्राम मध्येच गोठायचे आणि मग बंद. कोड सी००००००६. हा कोड दिसला की मी कान टवकारतो. प्रोग्रामचा पुढचा तुकडा आणायला विंडोज डिस्ककडे गेलं आणि तो तुकडा आलाच नाही, असं तो सांगतो. डिस्क तपासली तर ठणठणीत. लॅपटॉप उघडल्यावर चमकलो. थंडावा देणारी तांब्याची नळी काळी ठिक्कर, आणि डिस्कच्या पट्टीवजा केबलच्या टोकांवर काळपट थर.

"दादा, हा ठेवता कुठे?"

"शेडमध्ये. घरात पोरं हात लावतात."

"शेडमध्ये आणखी काय असतं?"

"काही नाही. खतं, औषधं, गंधकाच्या गोण्या."

भुरी रोगासाठी द्राक्षाला गंधक लागतंच. पण गंधक तांब्याला आणि चांदीला सोडत नाही, आणि लॅपटॉपच्या आत या दोन्ही धातूंचं राज्य असतं. केबल बदलली, बाकीची टोकं साफ केली आणि त्यांना सांगितलं, पोरांचा हात परवडला, गंधक नको. त्यांनी लॅपटॉपसाठी घरात कुलपाचं कपाट केलं. विंडोजच्या कोणत्याही नोंदीत गोण्यांचा उल्लेख नव्हता, त्यांचा पत्ता प्रश्न विचारूनच लागायचा होता.

सगळेच किस्से इतके रंगतदार नसतात. ठेकेदारांच्या डिजिटल सहीच्या टोकनचे दोन-दोन ड्रायव्हर एकमेकांशी भांडतात. एकाच यंत्रात दोन अँटिव्हायरस एकमेकांवर पहारा देत बसतात. त्यातला दुसरा बहुतेक वेळा आमच्याच एखाद्या धंदेबंधूने विकलेला असतो, कारण त्यावर कमिशन सुटतं. फुकटात मिळवलेलं क्रॅक सॉफ्टवेअर असेल तर मी वहीही उघडत नाही. कुणी कुठे काय कापलंय आणि काय चिकटवलंय, ते देव जाणे. आणि कधी कधी विंडोजमध्ये नवं यूजर खातं उघडून दिलं की क्रॅश थांबतात. जुन्या खात्यातली कोणती तरी सेटिंग बिघडलेली असते, कोणती ते कळत नाही, आणि शोधत बसण्यात कुणाचाच फायदा नसतो.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकानाला कुलूप होतं आणि काम फोनवर. सिडकोतल्या एका शिक्षिकेचं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप कॅमेरा चालू केला की पडायचं. समोर पन्नास पोरांचा वर्ग. मी विचारलं, "मॅडम, काही नवीन टाकलंय का?" उत्तर ठरलेलं: "नाही हो, काहीच नाही." या प्रश्नाला मला आजवर याहून वेगळं उत्तर क्वचितच मिळालंय. लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना आठवत नाही. मग त्यांना रिलायबिलिटी मॉनिटर उघडायला सांगितलं. विस्टापासून तो विंडोजमध्ये आहे आणि तरीही बहुतेकांनी पाहिलेला नसतो. दिवसावार रकाने, आणि ज्या दिवशी काही पडलं तिथे लाल फुली. त्या वाचत गेल्या. पहिली फुली एका मंगळवारची. "त्या मंगळवारी काय होतं?" "मंगळवारी... अहो, त्या दिवशी आमच्या सोहमने मोबाइलचा कॅमेरा लॅपटॉपला जोडायचं काहीतरी टाकलं होतं." ते काहीतरी काढून टाकलं, वर्ग सुरू झाला. तेव्हापासून मी "काय बदललं?" विचारतच नाही. तारीख सांगतो आणि त्या दिवसाबद्दल बोलायला लावतो. वाढदिवस, पाहुणे, नवा प्रिंटर, भाच्याने टाकून दिलेला गेम, सगळं बाहेर येतं.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे मागणं आमच्या धंद्यात रुळलेलं नाही. पार्ट बदलला तर बिल दाखवता येतं. फॉरमॅट मारला तर निदान पडदा कोरा दिसतो. दोन दिवस वहीत नोंदी लिहून एक छोटा ड्रायव्हर काढून टाकला, तर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढंच होतं? मग पैसे कसले?" काही वर्षांपूर्वी मी काउंटरवर पाटी लावली: तपासणीचे पैसे वेगळे, दुरुस्ती होवो न होवो. पहिल्या महिन्यात बरीच माणसं पाटी वाचून परत गेली. कॉलेज रोडची तरुण मंडळी अजून घासाघीस करतात. द्राक्षवाले मात्र एका शब्दाने बोलत नाहीत. दर हंगामाला पानदेठ तपासायला ते पैसे मोजतात. आधी कमतरता कळते, मग खत ठरतं, हे त्यांना कुणी शिकवायला लागत नाही.

अलीकडे कामाचं रूप पालटतंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, तरी ते युक्तीने चढवून घेतलेले जुने लॅपटॉप दुकानात दिसू लागले. त्यांचे क्रॅश बहुतेक ग्राफिक्सच्या जुन्या ड्रायव्हरपाशी जाऊन थांबतात. दुसरा बदल मला जास्त खुपतो. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आता मदरबोर्डलाच डकवलेली असते. पट्टी काढून पाहू, ही सोयच उरली नाही.

तसाच एक लॅपटॉप गंगापूर रोडवरच्या एका अनुवादक बाईंचा. रॅमच्या चाचणीत चुका दिसत होत्या, पण पुन्हापुन्हा त्याच मोजक्या पत्त्यांवर. मदरबोर्ड बदलायचा खर्च ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "सगळी मेमरी खराब आहे का?" नव्हती. आठ जीबीत चार-चार केबीची वीस लाखांहून जास्त पानं होतात, त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी बिघडलेली. "मग तेवढी सोडून चालव की." तशी सोय विंडोजच्या बूट सेटिंगमध्ये आहे, फक्त तिच्या वाटेला कुणी जात नाही. चाचणीने दाखवलेल्या प्रत्येक पत्त्याचे शेवटचे तीन आकडे गाळले की पानाचा क्रमांक मिळतो. ते क्रमांक वगळायच्या यादीत घातले. लॅपटॉप चालतोय. खराब पानं वाढू शकतात, म्हणून रोजच्या कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायला सांगितलंय, आणि दर दोन महिन्यांनी चाचणीसाठी आणायला. तपासणीचे पैसे त्यांनी पाटी वाचून आधीच काउंटरवर ठेवले होते.